रिमोट इंक कन्सोल: वर्षभर वापरल्यावर

चार रंगी शीटफेड (सुट्या कागदांवर छापणाऱ्या) ऑफसेट मशीनवर रिमोट इंक कन्सोल, म्हणजे शाई लांबून बटणांनी कमी-जास्त करायचं टेबल, वापरायला लागून वर्ष होत आलं. मशीन जुनं आहे, कन्सोल नंतर बसवलेला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हे अनुभव त्या जातीच्या बहुतेक कन्सोलना लागू पडतील. निकाल आधीच सांगतो: घेण्यासारखी वस्तू आहे. मात्र पडद्यावरच्या आकड्यालाच शाई समजून चालाल, तर रद्दीचा ढीग वाढेल.

पडद्यावर ४० दिसतं ते इंक की (एकेका पट्ट्यातल्या शाईची फट कमी-जास्त करणारी चावी) किती उघडली त्याचं माप असतं. तेही मोटरला जोडलेला पोटेन्शियोमीटर (ती किती फिरली ते मोजणारा भाग) सांगतो म्हणून. त्या उघडलेल्या फटीतून शाई खरंच किती आली, हे कन्सोलला कळायला मार्गच नाही. ते शीटच्या कडेला छापलेली रंगपट्टी (कलर बार) आणि रंगाचा गडदपणा, म्हणजे डेन्सिटी, मोजणारा डेन्सिटोमीटरच सांगणार. तक्रार आली की मशीनमन पहिला संशय इलेक्ट्रॉनिक्सवर घेतो. आमच्याकडे तरी निम्म्याहून जास्त वेळा दोष भलतीकडेच निघाला.

म्हणून आता आधी शीट टेबलावर पसरतो आणि दोष कोणत्या दिशेला पसरलाय ते पाहतो. साधारण ३० मिलिमीटर रुंदीचा एकच पट्टा हलका किंवा जड असेल तर ती की तपासायची. संपूर्ण रुंदीत रंग उतरत चालला असेल तर कींना हात लावायचाच नाही. डक्ट रोलर (डक्टमधून, म्हणजे शाईच्या टाकीतून, शाई उचलणारा), डक्टर (ती पुढच्या रोलरना पोचवणारा) किंवा पाणी बघायचं. ग्रिपरकडे (शीट पकडली जाते त्या कडेला) गडद आणि शेपटीकडे फिकट असेल तर मामला रोलरचा किंवा डॅम्पिंगचा, म्हणजे प्लेट ओलसर ठेवणाऱ्या यंत्रणेचा.

एका कीचा दोष असला तरी लगेच मोटर मागवू नये. मशीन बंद करून शेजारच्या दोन कींचे कनेक्टर अदलाबदल करा. दोष शेजारच्या कीवर गेला तर कार्ड (सर्किट बोर्ड) किंवा वायर, जागीच राहिला तर मोटर किंवा पोटेन्शियोमीटर. आमचे पोटेन्शियोमीटर बहुतेक खालच्या आकड्यांतच झिजले, कारण रोजचं काम तिथेच चालतं. तिथे आकडा उड्या मारतो आणि मोटर पुढे-मागे करत घुरघुरत राहते. एकदा हा आवाज ओळखीचा झाला की निदान फोनवरूनही करता येतं!

डक्टमधली फॉइल (शाई आणि की यांच्यामधला पातळ पडदा) हा तर स्वतंत्र वैताग. चाकूने शाई काढताना तिला चरा गेला की शाई हळूहळू खाली झिरपते, वाळते आणि की जाम होते. आकडा शून्य, तरी शीटवर शाई! फॉइल स्वस्तातली वस्तू, तिच्यात काटकसर करण्यात अर्थ नाही. नवी घातल्यावर शून्य पुन्हा जुळवावं लागतं. सगळ्या की शून्यावर आणल्यावर डक्ट रोलरवर पातळ, एकसारखा थर दिसला पाहिजे. मग सगळ्यांना एकच आकडा देऊन सलग पट्टी छापायची आणि रुंदीभर डेन्सिटी मोजायची. ०.०५ च्या आत फरक असेल तर आम्ही समाधानी असतो.

हलक्या कव्हरेजच्या (कमी शाई लागणाऱ्या) जॉबला की ३-४ टक्क्यांवर ठेवल्या तर रंग कधीच स्थिर राहत नाही. शाईतली एक बारीक गाठसुद्धा वाट अडवते. डक्ट रोलरचा स्वीप (तो दर वेळी किती फिरतो ते) कमी करून की थोड्या जास्त उघडा, फरक लगेच जाणवेल. आणि की हलवली की थांबा. बदल रोलरच्या रांगेतून शीटपर्यंत यायला शंभरावर शीटही जाऊ शकतात, हलक्या जॉबला त्याहून जास्त. शिवाय आडवे सरकणारे ऑसिलेटर रोलर शेजारच्या कीच्या पट्ट्यालाही थोडी शाई वाटून देतात. तेवढ्यात दोनदा बटण दाबलं की पुढचा अर्धा तास रंगाच्या मागे धावण्यात जातो.

आता पाणी. रंग फिका दिसला की शाई वाढवायची, मग स्कम (कोऱ्या जागेवर शाईचा डाग) दिसला की पाणी वाढवायचं, या फेऱ्यात शाई इमल्सिफाय होते, म्हणजे तिच्यात पाणी मिसळतं, आणि कन्सोलचे आकडे निरर्थक होतात. आम्ही आधी पाणी कमी करत स्कमपर्यंत आणतो, मग जरासं वाढवून तिथेच ठेवतो आणि त्यानंतरच कींना हात लावतो. फाउंटन सोल्युशनचा (प्लेट ओलसर करणाऱ्या पाण्याचा) पीएच ४.८ ते ५.५ च्या दरम्यान ठेवतो, कंडक्टिव्हिटी रोज सकाळी मोजतो. रोलर चकचकीत, गुळगुळीत झाले असतील तर ते शाई नीट उचलत नाहीत. तिथे कन्सोल काय करणार? घट्ट शाई डक्टमध्ये मागे अडून बसते आणि डक्ट रोलरला लागतच नाही, तेव्हाही तेच. डक्ट भरलेला दिसतो, रंग उतरत जातो. चाकूने ढवळावं किंवा अ‍ॅजिटेटर लावावा.

प्लेटच्या फाइलवरून की आपोआप लावणारं प्रीसेट मात्र मनापासून आवडलं. मेकरेडीची (छपाईआधीच्या जुळवाजुळवीची) रद्दी दिसण्याइतकी कमी झाली. सोबत आलेला कर्व्ह (फाइलवरून की किती उघडायची ते ठरवणारा तक्ता) आमच्या अनकोटेड, म्हणजे लेप नसलेल्या, कागदाला जुळत नव्हता, म्हणून कोटेड आणि अनकोटेडचे वेगळे कर्व्ह बनवले. त्यात बरेच दिवस गेले, पण खरा फायदा त्यानंतरच मिळाला. जॉब मेमरीही कामाची आहे, फक्त शाईचा ब्रँड बदलला की जुने आकडे डोळे झाकून उचलू नयेत.

सर्वात मोठी नाराजी सर्व्हिस मोडबद्दल. शून्य जुळवायचा पासवर्ड विक्रेत्याने स्वतःकडेच ठेवला होता, तो मिळवायला बराच पाठपुरावा करावा लागला. घेणार असाल तर पासवर्ड आणि दोन-तीन सुटे पोटेन्शियोमीटर ऑर्डरमध्येच लिहून घ्या.