गुडघा दुखतोय, आता आधी काय? व्यायाम, मलम, गोळ्या, इंजेक्शन आणि शस्त्रक्रिया शेजारी ठेवून बघताना

आईचा उजवा गुडघा दुखायला लागून अकरा वर्षं झाली. खुर्चीतून उठताना ती आधी दोन्ही हात टेकते, पावलं थोडी मागे ओढून घेते, क्षणभर श्वास रोखते आणि मग उठते. तो क्षणभराचा थांबा मी इतक्यांदा पाहिलाय की आज तिला किती दुखतंय हे मला त्यावरूनच कळतं. या अकरा वर्षांत बहुतेक सगळे उपाय आमच्या घरात येऊन गेले. काही टिकले, काही आम्हीच बंद केले. ज्यांना आज हेच ठरवायचंय, स्वतःसाठी किंवा आईवडिलांसाठी, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

प्रत्येक उपायाला मी तीनच प्रश्न विचारते. दुखणं किती कमी होतं? किती दिवस? आणि त्यासाठी शरीराला काय सोसावं लागतं? उतारवयात तिसरा प्रश्न सगळ्यात मोठा, कारण रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंड, हृदय यांपैकी काहीतरी बहुधा आधीपासून मागे लागलेलं असतं.

आधी 'झीज' या शब्दाबद्दल

'झीज झालीय', 'वंगण संपलंय', 'गॅप कमी झालीय' हे एकदा कानावर पडलं की माणूस गुडघा जपायला लागतो. वापरला की आणखी झिजेल, हे मनात पक्कं बसतं. पण सांधा म्हणजे दाराची बिजागरी नव्हे. हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर भार पडतो आणि सुटतो, तेव्हा आतल्या द्रवातून तिला पोषण मिळतं. तिच्यात वेदना कळवणाऱ्या नसाही नसतात. दुखतं ते तिच्याखालचं हाड, सांध्याचं सुजलेलं अस्तर, भोवतीचे बंध आणि थकलेले स्नायू.

म्हणूनच एक्स-रे आणि दुखणं यांचा मेळ बसेलच असं नाही. रिपोर्टवर जी ० ते ४ अशी 'ग्रेड' लिहिलेली असते ती पद्धत केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ साली मांडली. ग्रेड ४ असूनही बऱ्यापैकी चालणारी माणसं असतात आणि ग्रेड २ असूनही रात्र जागून काढणारी असतात. निर्णय फिल्म बघून घेऊ नका. दुखणं, झोप आणि हालचाल बघून घ्या.

आराम करायचा की हलायचं?

आरामाने आजचा दिवस बरा जातो, यात खोटं काही नाही. पण बसून राहिलं की मांडीचा पुढचा स्नायू काही आठवड्यांतच बारीक होऊ लागतो. प्रत्येक पावलाचा धक्का झेलणारा स्नायू हाच. तो ढिला पडला की धक्का थेट सांध्यावर जातो, दुखणं वाढतं, माणूस आणखी बसतो.

व्यायामाचं नेमकं उलटं आहे. पहिले दोन-तीन आठवडे नकोसे वाटतात आणि फरक जाणवायला सहा ते आठ आठवडे लागतात. सरासरी बघितली तर मिळणारा आराम वेदनाशामक गोळ्यांच्या तोडीचा असतो, आणि पोट-मूत्रपिंडाला त्याची झळ लागत नाही. मात्र व्यायाम सोडला की फायदाही ओसरतो, हेही सांगायला हवं. डेन्मार्कमध्ये २०१३ साली सुरू झालेला 'ग्लॅड' हा कार्यक्रम आता बऱ्याच देशांत चालतो. त्यात आधी आजार समजावून सांगतात आणि मग देखरेखीखाली बारा सत्रं घेतात, आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे. आपल्याला मोजमाप म्हणून हे फार उपयोगी आहे. चार दिवस पाय हलवून 'व्यायामाने काही झालं नाही' म्हणणं, हा उपाय करून बघितला असं धरता येत नाही.

आईने सुरुवात खुर्चीपासून केली. बसायची जागा उंच व्हावी म्हणून खाली एक जाड उशी, हात खुर्चीच्या हातांवर, सावकाश उठायचं आणि त्याहून सावकाश बसायचं. पहिल्या दिवशी चार वेळा. दोन महिन्यांनी उशी गेली, नंतर हात छातीशी आले. दुखलं की थांबायचं का, हा तिचा रोजचा प्रश्न असायचा. फिजिओथेरपिस्टने तिला एक साधा नियम दिला: दहापैकी पाचापर्यंत दुखलं तर चालेल, पण चोवीस तासांत ते आधीच्या पातळीवर यायला हवं. नाही आलं तर पुढच्या वेळी संख्या कमी करायची, व्यायाम बंद करायचा नाही. या एका नियमाने तिची निम्मी भीती गेली.

उभ्याने जमत नसेल तर पाण्यातला व्यायाम चांगला. तोल जात असेल तर ताई-ची, म्हणजे सावकाश हालचालींचा चिनी व्यायामप्रकार, बघा. २०१६ च्या एका अभ्यासात २०४ जणांमध्ये बारा आठवड्यांनंतर ताई-ची आणि फिजिओथेरपी यांचा गुण सारखाच निघाला.

काठीबद्दलही इथेच सांगते, कारण बहुतेक जण ती चुकीच्या हातात धरतात. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात हवी आणि दुखरा पाय पडताना ती सोबत पडायला हवी. सरळ उभं राहून हात खाली सोडला की मूठ मनगटाच्या रेषेशी यावी. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. आई दोन वर्षं उजव्या हातात काठी धरून चालली आणि ते चुकतंय हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

वजन

वजन जास्त असेल तरच हा भाग तुमचा. बारीक, अशक्त वृद्धाने वजन उतरवायच्या मागे लागू नये, त्यात स्नायूच जातात. पण जास्त असेल तर एक किलो उतरला की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो. २०१३ साली ४५४ जणांवर दीड वर्ष चाललेल्या अभ्यासात आहार आणि व्यायाम दोन्ही करणाऱ्यांचं दुखणं नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झालं. २०२४ मध्ये सेमाग्लुटाइड या वजन घटवणाऱ्या इंजेक्शनचा लठ्ठपणा आणि गुडघेदुखी दोन्ही असलेल्यांवर अभ्यास झाला. ६८ आठवड्यांत ० ते १०० च्या मापावर दुखणं औषधाने सुमारे ४२ गुणांनी उतरलं, औषध नसलेल्या इंजेक्शनने सुमारे २७ गुणांनी. फरक मोठा आहे, पण ही लठ्ठपणाची औषधयोजना आहे. नुसत्या गुडघ्यासाठी कोणी सुचवली तर थांबून नीट विचारा.

मलम की गोळी?

गुडघा किंवा हाताची बोटं दुखत असतील तर मी आधी मलम निवडेन, आणि यात मला शंका नाही. डायक्लोफिनॅक जेल लावलं तर गोळीच्या तुलनेत रक्तात साधारण सहा टक्केच औषध उतरतं. काम जागच्या जागी होतं आणि पोटाचा धोका फार कमी राहतो. मात्र दुखलं की एकदा चोळलं, असं करून गुण येत नाही. सांध्याभोवती सगळीकडे, दिवसातून तीन-चार वेळा, निदान दोन आठवडे लावायला हवं. त्यावर शेकायचं नाही आणि सोबत त्याच जातीची गोळी घ्यायची नाही. खुबा दुखत असेल तर मलमाचा उपयोग नाही, तो सांधा फार खोल असतो.

पॅरासिटामॉल निरुपद्रवी म्हणून सर्रास घेतलं जातं, पण या आजारात त्याचा परिणाम जेमतेम असतो. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शनात ते नेहमीसाठी देऊ नये असंच म्हटलंय.

आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफिनॅक, एटोरिकॉक्सिब या सूज उतरवणाऱ्या गोळ्या मात्र खरोखर काम करतात. गोळी घेतली की माणूस जिना चढून जातो. म्हणूनच त्या जपून वापरायच्या. जठरात व्रण आणि रक्तस्राव, वाढलेला रक्तदाब, पायावर सूज, मूत्रपिंडावर ताण, हृदयविकाराचा धोका, हे सगळं वयाबरोबर वाढतं. याच जातीची रोफेकॉक्सिब ही गोळी हृदयविकाराच्या धोक्यामुळे २००४ साली बाजारातून मागे घ्यावी लागली. त्यातही सगळ्यात फसवं त्रिकूट म्हणजे रक्तदाबाची 'प्रिल' किंवा 'सार्टन' शेवट असलेली गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि वर ही वेदनाशामक. तिघी मिळून मूत्रपिंड अडचणीत आणू शकतात.

आईच्या बाबतीत तेच झालं. एका डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. रक्तदाबासाठी काय चालू आहे हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. गुडघा छान राहिला. तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळी तिने मोजे काढले तेव्हा घोट्याच्या वर इलॅस्टिकचा खोल वळ होता, बोट दाबलं तर खळगा तसाच राहत होता. रक्ततपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय हे दाखवणारा आकडा, वाढलेलं निघालं. गोळी थांबवल्यावर ते उतरलं. तेव्हापासून तिच्या सगळ्या औषधांची यादी पर्समध्ये असते आणि प्रत्येक नव्या चिठ्ठीच्या आधी ती पुढे केली जाते. गोळी घ्यावीच लागली तर कमीत कमी डोस, थोडे दिवस, सोबत पोटाचं संरक्षण करणारी गोळी, आणि रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय एकही नाही.

ट्रामाडॉलसारख्या अफूच्या जातीच्या गोळ्या मी वृद्धांसाठी शेवटून पहिल्या ठेवेन. २०१८ साली २४० जणांच्या वर्षभराच्या अभ्यासात अशी औषधं साध्या वेदनाशामकांपेक्षा सरस ठरली नाहीत. चक्कर, बद्धकोष्ठता, गुंगीत पडणं हे मात्र पदरात पडतं. सांध्यांसाठी पूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनबद्दल खूप विचारणा होते. २००६ च्या १,५८३ जणांच्या अभ्यासात ते एकूणात नकली, म्हणजे औषध नसलेल्या, गोळीपेक्षा सरस निघालं नाही, आणि त्याच अभ्यासात नकली गोळी घेतलेल्या सुमारे ६० टक्के लोकांनाही बरं वाटलं. हे दुखणं मुळातच चढउताराचं असतं. अगदी असह्य झालं की माणूस औषध सुरू करतो, आणि उताराचं श्रेय औषधाला मिळतं.

इंजेक्शन की फिजिओथेरपी?

स्टिरॉइडचं इंजेक्शन काही दिवसांत आराम देतं. तो टिकतो साधारण दोन ते दहा आठवडे. मधुमेह असेल तर नंतरचे काही दिवस साखर वाढते. २०२० साली १५६ जणांमध्ये इंजेक्शन आणि फिजिओथेरपी यांची थेट तुलना झाली आणि वर्षाअखेर फिजिओथेरपीवाल्यांचं दुखणं कमी होतं. दुसरीकडे, दर तीन महिन्यांनी दोन वर्षं इंजेक्शन देऊन बघितलेल्या २०१७ च्या अभ्यासात दुखण्यात नुसत्या मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा जास्त फायदा दिसला नाही, उलट कूर्चा जास्त पातळ झाली. त्यामुळे माझ्या लेखी इंजेक्शन हा उपचार नाही, ती सवलत आहे: गुडघा सुजलाय, व्यायाम सुरूच करता येत नाही, तेव्हा एक घ्या आणि मिळालेले आठवडे स्नायू कमावण्यात घाला.

'वंगणाचं' इंजेक्शन, म्हणजे हायलुरॉनिक ॲसिड, 'नाइस' देऊच नका म्हणते. स्वतःच्या रक्तापासून केलेल्या पीआरपीला २०२१ च्या २८८ जणांच्या अभ्यासात वर्षभरानंतर मिठाच्या पाण्याहून वेगळं काही साधता आलं नाही. दुर्बिणीतून सांधा 'साफ करणं' तर २००२ सालीच नुसता छेद देऊन टाके घालण्याइतकंच उपयोगी ठरलं होतं. निव्वळ झिजेच्या दुखण्यासाठी ते कोणी सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

सांधा बदलायचा की थांबायचं?

इथे दोन्ही बाजूंना खरं बळ आहे. २०१५ साली शस्त्रक्रियेला पात्र असलेल्या १०० जणांचे दोन गट केले. एकाला शस्त्रक्रिया आणि नंतर व्यायाम-आहार वगैरे, दुसऱ्याला नुसतं व्यायाम-आहार वगैरे. वर्षाने शस्त्रक्रियेच्या गटात ८५ टक्के लोकांना ठळक फरक होता, दुसऱ्यात ६८ टक्के. आराम शस्त्रक्रियेनेच जास्त मिळाला. पण गंभीर गुंतागुंतही तिथेच जास्त झाली, आणि दुसऱ्या गटातल्या सुमारे तीन चतुर्थांश लोकांना त्या वर्षात शस्त्रक्रिया करावीशी वाटली नाही.

बदललेला सांधा किती टिकतो ही भीती सत्तरीत फारशी उरत नाही. संपूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षं टिकतात, खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के. दुसरी गोष्ट मात्र आधीच कळायला हवी: गुडघा बदलल्यावरही पाचातल्या साधारण एकाला लक्षात येण्याजोगं दुखणं उरतं, खुब्यात दहातल्या एकाला. म्हणून खुब्याच्या शस्त्रक्रियेला मी लवकर होकार देईन, गुडघ्याला जरा थांबून. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात, पण घरात सहज वावरायला सहा आठवडे आणि पूर्ण सावरायला वर्ष लागू शकतं.

फार थांबण्यातही तोटा आहे. स्नायू गेले, गुडघा सरळ होईनासा झाला, की नंतरची मेहनत दुप्पट होते. तीन महिने मनापासून व्यायाम, मलम, काठी करूनही रात्री झोप मोडत असेल, घराबाहेर पडणं बंद झालं असेल, पाय वाकडा होत चालला असेल, तर शल्यविशारदांना भेटायला उशीर करू नका. स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर शस्त्रक्रियेआधी साधारण तीन महिन्यांचं अंतर लागतं, हे तारीख ठरवताना सांगा.

आणि काही गोष्टी या तुलनेत बसतच नाहीत. सांधा अचानक लाल, गरम, सुजलेला आणि सोबत ताप, पडल्यावर पायावर भार टाकताच न येणं, एकाच पोटरीला सूज: त्याच दिवशी दवाखाना. सकाळचा आखडलेपणा तासाहून जास्त टिकत असेल आणि बरेच सांधे सुजत असतील तर तो वेगळा संधिवात असू शकतो, त्याचे उपचारही वेगळे.

आईची शस्त्रक्रिया अजून झालेली नाही. सकाळ-संध्याकाळ खुर्चीतून दहा-दहा वेळा उठणं, जास्त दुखलं की जेल, काठी डाव्या हातात. उशाशी एक वही आहे, त्यात दुखण्याने जाग आलेल्या रात्री ती खूण करून ठेवते. गेल्या महिन्यात तीन खुणा होत्या. आठवड्याला तीन झाल्या की शल्यविशारदांकडे जायचं, हे तिने स्वतःच ठरवून पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.