ढाऊ-सीएसडी: सरकारी बिल थेट, पण वाट बँकेतूनच

नैरोबीत रिव्हर रोडजवळ माझं शिलाई मशीनच्या सुट्या भागांचं दुकान आहे. केनियाच्या मध्यवर्ती बँकेनं २०२३ मध्ये ढाऊ-सीएसडी हे ॲप आणलं आणि काही महिन्यांतच मी त्यावर खातं काढलं. सरकारची ट्रेझरी बिलं (सरकारला थोड्या मुदतीसाठी दिलेल्या कर्जाचे कागद) आणि लांब मुदतीचे रोखे मोबाइलवरून थेट मध्यवर्ती बँकेकडे मागायचे, यासाठी हे ॲप आहे.

वापरायला सोपं आहे. ९१, १८२ किंवा ३६४ दिवसांचं बिल निवडायचं, रक्कम टाकायची, गुरुवारी लिलाव. आपल्यासारख्या छोट्यांनी दर सांगायचा नसतो, लिलावात निघालेला सरासरी दर मिळतो. २०२४ च्या सुरुवातीला ९१ दिवसांचा दर १६ टक्क्यांच्या आसपास होता. म्हणजे लाखाच्या बिलाला ९६ हजार शिलिंगांच्या थोडं वर भरायचे आणि तीन महिन्यांनी लाख घ्यायचे. मधल्या फरकावर १५ टक्के कर जातो. माझी बँक तेव्हा मुदत ठेवीवर याहून बरंच कमी देत होती.

जीव टांगणीला लागतो तो सोमवारी. पैसे दुपारी दोनच्या आत पोचवावे लागतात आणि जातात व्यापारी बँकेतूनच. पहिल्या खेपेला शाखेनं माझा आरटीजीएसचा अर्ज सकाळीच घेतला, पैसे सुटले दीड वाजता. उशीर त्यांचा, पण पैसे पोचले नसते तर पैसे वेळेत न भरणारा म्हणून नाव माझं लागलं असतं. तेव्हा भरायची रक्कम शुक्रवारी कळली की खात्यात तयार ठेवा आणि सोमवारी बँक उघडताच उभे राहा.

बँकेवर असं अवलंबून राहणं मला इतकं लागतं त्याला कारण आहे. देश १९६३ मध्ये स्वतंत्र झाला तरी १९६६ पर्यंत नोटा पूर्व आफ्रिकी चलन मंडळाच्याच होत्या आणि मोठ्या बँकांचा कारभार लंडनहून चाले. पुढे मध्यवर्ती बँक आली, १९७० मध्ये सरकारचा वाटा असलेली केनिया कमर्शियल बँक झाली. २०१६ मध्ये तर कायदाच आला: मध्यवर्ती बँकेच्या दरावर ४ टक्क्यांहून जास्त व्याज कर्जाला लावायचं नाही. आम्ही दुकानदार हरखलो होतो. पण त्या भावात छोट्यांची जोखीम नको म्हणून बँकांनी हात आखडले आणि पैसा सरकारी बिलं-रोख्यांत घातला. २०१७ मध्ये माझा ओव्हरड्राफ्ट (खात्यात असल्यापेक्षा जास्त उचलायची सोय) बंद झाला. २०१९ च्या नोव्हेंबरात मर्यादा उठली, तोवर मी माल उधारीवर आणत होतो. ठेवी आमच्या, त्यातून बिलं घ्यायची बँकेनं आणि व्याजही तिचंच! आता तीच बिलं माझ्या नावावर आहेत, याचं मोल मला फार वाटतं.

आमच्या गल्लीतल्या दोन शिंप्यांना मी खातं काढून दिलंय. किमान ५०,००० शिलिंग लागतात. एकाच्या पहिल्या बिलाची मुदत संपून पैसे हातात आलेसुद्धा, दुसरा दर शनिवारी थोडे थोडे बाजूला टाकतोय.