रामबागेतली रात्रीची गार्ड सेवा: घ्या, पण पोलिसांऐवजी नाही

गार्ड ठेवलात की ठाण्याची पायरी चढावी लागणार नाही, असं सांगून इंदूरमध्ये ही सेवा विकली जाते. ते खरं नाही. तरीही सेवा घ्यावी, ती फाटकावरच्या वहीसाठी. नाव, गाडीचा नंबर, कुणाकडे, आत-बाहेरची वेळ. भुरट्या चोरांना हीच वही नको असते.

गस्तीसाठी कोपऱ्यांवर टॅग लावतात. गार्डने हातातलं यंत्र टेकवलं की वेळ नोंदली जाते. पाण्याच्या टाकीमागचा, अंधारातला टॅग मात्र पहाटे 3 नंतर हमखास टेकवायचा राहून जातो. 12 तासांची पाळी, त्यात बदली माणूस आला नाही की तोच गार्ड पुढची पाळीही ओढतो. मग डोळा लागणारच! 8 तासांच्याच पाळ्या करारात लिहून घ्या. खर्च वाढेल, तो करा.

आता मुख्य मुद्दा. गार्डचे अधिकार तुमच्या-आमच्याइतकेच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 प्रमाणे समोर दखलपात्र (पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) गुन्हा घडला, किंवा माणूस उद्घोषित, म्हणजे कोर्टाने फरार जाहीर केलेला, गुन्हेगार असला, तर पकडता येतं; 6 तासांच्या आत पोलिसांकडे सोपवावंच लागतं. तपास, पंचनामा गार्डकडे नाही. भांडण हातघाईवर आलं की 112 लावा.

सही करण्याआधी 2005 च्या खासगी सुरक्षा कायद्याखालचा परवाना आणि प्रत्येक गार्डचं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र बघा. केंद्राच्या 2006 च्या आदर्श नियमांत (2020 मध्ये त्यांच्या जागी नवे आले) 100 तास वर्गात, 60 तास प्रत्यक्ष शिक्षण सांगितलं होतं. झेरॉक्सवर भागवू नका, मूळ कागद मागा.