क्रोम, एज की फायरफॉक्स: कुठल्या टेबलावर कोणता?

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडीलच्या पोराला दिलबहार या दुसऱ्या फुटबॉल संघाचं कौतुक ऐकवत नाही. ब्राउझरवरून होणाऱ्या भांडणांचंही तसंच आहे. फरक इतकाच, की मैदानावर निदान खेळाडू तरी वेगळे असतात. इथं क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी आणि झोहोचा उला, या सगळ्या जर्सींच्या आत एकच गडी धावतोय, क्रोमियम, म्हणजे गूगलने सगळ्यांना खुला ठेवलेला ब्राउझरचा सांगाडा. पान पडद्यावर मांडणारं त्याचं इंजिन म्हणजे ब्लिंक. गूगलने ते २०१३ मध्ये वेबकिट या ॲपलच्या इंजिनापासून फोडून वेगळं केलं. ऑपेराने त्याच वर्षी स्वतःचं प्रेस्टो हे इंजिन सोडून क्रोमियम धरलं, आणि जानेवारी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टनेही नवा एज त्यावरच आणला. विंडोजवर मोठ्या नावांपैकी स्वतःचं इंजिन राखून आहे तो एकटा फायरफॉक्स.

म्हणून ‘क्रोम पळतो की एज’ हा वाद बिनकामाचा. बघायचं ते वेगळंच: तुमच्या संगणकाची रॅम किती, त्यावर काम कसलं, आणि जाहिराती किती सोसवतात.

राजारामपुरीतल्या क्लासपासून शिरोली एमआयडीसीतल्या ऑफिसपर्यंत ४ जीबी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क असलेले संगणक अजून रेटून चालवले जातात. त्यांच्यावर कुठलाच ब्राउझर सुखाने चालत नाही. सुरक्षेसाठी प्रत्येक साइट वेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे स्वतंत्र चालणाऱ्या प्रोग्रामसारखी, ठेवली जाते, त्यामुळे टॅब वाढले की रॅम संपते. रॅम संपली की विंडोज उरलेलं ओझं हार्ड डिस्कवर उतरवायला लागतं, आणि माउस हलवला तरी पडदा ढिम्म. तेव्हा ब्राउझर बदलण्याआधी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवा. जमल्यास रॅम ८ जीबी करा.

तोवरचा उपाय असा. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. कोणता टॅब, कोणतं एक्स्टेंशन (ब्राउझरला लावलेली छोटी जोडणी) किती मेमरी खातंय ते तिथं दिसतं. दोषी बहुतेक वेळा कधीतरी टाकून विसरलेलं कूपनचं किंवा पीडीएफचं एक्स्टेंशन निघतं. ते काढा. मग सेटिंग्जमधल्या परफॉर्मन्समध्ये मेमरी सेव्हर चालू करून मॅक्सिमम निवडा. एजमध्ये याचा जोडीदार म्हणजे स्लीपिंग टॅब्ज. दोघांत एक फरक आहे आणि तो कामाचा आहे. एज टॅबला झोपवतो, उठवल्यावर पान बहुधा होतं तसंच समोर येतं. क्रोम टॅब मेमरीतून काढूनच टाकतो, त्यामुळे परत गेलं की पान नव्याने लोड होतं, आणि सरकारी पोर्टलवर तेवढ्यात लॉगिन गेलेलं असतं. त्यामुळे अशा साइट्स ‘कायम चालू ठेवा’ यादीत घालून ठेवाव्यात. शिवाय ब्राउझर बंद केल्यावरही मागे चालत राहण्याची मुभा दोघांच्याही सिस्टीम सेटिंगमध्ये असते, ती काढून घ्या. एजला आधीच मागे तयार ठेवणारा स्टार्टअप बूस्टही बंद करा. पडद्यावर काळे चौकोन किंवा लुकलुक दिसत असेल तर तिथलंच ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद करून बघा. जुन्या ग्राफिक्स ड्रायव्हरशी त्याचं जमत नाही.

एजला लोक हसतात. पण उद्यमनगरातल्या वर्कशॉपला एज लागतोच, आणि त्याचं कारण भिंतीवरचा सीसीटीव्हीचा जुना डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारी पेटी. अशा डीव्हीआरचं पान ॲक्टिव्हएक्स या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या प्लगइन पद्धतीवर चालतं आणि ते फक्त इंटरनेट एक्सप्लोररला कळतं. विंडोज १० वरचा तो एक्सप्लोरर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला, पण त्याचं इंजिन एजच्या पोटात शिल्लक आहे आणि निदान २०२९ पर्यंत ठेवू, असा मायक्रोसॉफ्टचा शब्द आहे. एजच्या सेटिंग्जमध्ये डीफॉल्ट ब्राउझर उघडा, इंटरनेट एक्सप्लोरर मोडमध्ये साइट पुन्हा उघडण्याला ‘अलाउ’ म्हणा, रीस्टार्ट करा आणि खालच्या यादीत डीव्हीआरचा पत्ता टाका. पहिल्यांदा प्लगइन बसवताना एज ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडावा लागण्याची शक्यता धरून चाला.

महिन्याभराने ‘परत बंद पडलं’ अशी ओरड होते. यादीतली नोंद ३० दिवसांनी आपोआप गळते, ती पुन्हा टाकावी लागते. मध्येच बंद पडलं तर राउटरने डीव्हीआरला नवा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) दिला असणार. डीव्हीआरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये पत्ता कायमचा करून टाका. या मोडमध्ये बाकी काही उघडू नका, त्यातलं जुनं इंजिन तेवढ्या एका पानापुरतंच.

एजची दुसरी खरी कमाई म्हणजे मोठ्याने वाचून दाखवणं. मराठीसाठी आरोही आणि मनोहर हे दोन आवाज त्यात आहेत आणि लांबलचक शासन निर्णय ऐकायला ते चांगलेच बरे पडतात. इंटरनेट मात्र लागतं. बाकी एजचं पहिलं पान म्हणजे बातम्या आणि जाहिरातींचा जत्रेतला गोंगाट. नवीन टॅबवरच्या सेटिंग्जच्या चक्रावर जाऊन तो आधी गप्प करायचा.

आता फायरफॉक्स. आमचा कल याच्याकडे आहे आणि कारण एकच, यूब्लॉक ओरिजिन. जाहिराती अडवणारी ही जोडणी आधी क्रोमवरही चालायची. पण एक्स्टेंशनचे नियम मॅनिफेस्ट व्ही३ नावाने बदलले आणि २०२५ मध्ये क्रोमने जुन्या पद्धतीला पूर्ण दार लावलं. पूर्वी जोडणी प्रत्येक विनंती स्वतः तपासून अडवायची. आता तिने नियमांची यादी आधी ब्राउझरच्या हाती द्यायची, आणि अडवायचं ते ब्राउझर बघणार. क्रोमवर उरलेली लाइट आवृत्ती त्यामुळे रोजच्या साइटवर चालून जाते, पण चिवट जाहिरातींपुढे कमी पडते. फायरफॉक्सने जुनी पद्धत चालू ठेवली आहे. ब्रेव्हचा अडवण्याचा भाग ब्राउझरच्या आतच असल्याने त्यालाही या बदलाची झळ नाही. त्यातली क्रिप्टोच्या बक्षिसांची चिन्हं तेवढी पहिल्याच दिवशी लपवा.

फायरफॉक्सचा दुसरा फायदा लक्ष्मीपुरी-शाहूपुरीतल्या कर सल्लागारांना लगेच पटेल. एकाच पोर्टलवर तीन पक्षकारांची खाती एकदम उघडायची आहेत, म्हणून लोक दोन-तीन खासगी विंडो उघडतात. पण सगळ्या खासगी विंडोंची कुकीज, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या नोंदी, ठेवायची बरणी एकच असते. दुसरं लॉगिन केलं की पहिलं बाहेर. मल्टी-अकाउंट कंटेनर्स ही फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचीच जोडणी टाकली की एकाच विंडोत प्रत्येक टॅबला वेगळी बरणी मिळते, वर रंगाची खूण. क्रोम किंवा एजवर हेच काम वेगवेगळ्या प्रोफाइलने होतं, पण प्रत्येक प्रोफाइलची स्वतंत्र विंडो आणि स्वतंत्र ओझं.

डिजिटल सहीच्या टोकनचं (सही साठवलेल्या यूएसबीचं) काम असेल तर कुठलाही ब्राउझर घ्या, खेळ बाहेरच्या प्रोग्रामचा असतो. जीएसटीच्या पोर्टलला ईमसाइनर हा सही करणारा प्रोग्राम लागतो. तो संगणकावरच एक छोटा सर्व्हर चालवतो आणि ब्राउझर त्याच्याशी बोलतो. ‘सर्व्हरशी संपर्क होत नाही’ असा संदेश आला तर ईमसाइनर बंद करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा. मग पत्त्याच्या पट्टीत एचटीटीपीएस लावून १२७.०.०.१:१५८५ (आकडे अर्थातच इंग्रजीत) टाका आणि समोर येणारा प्रमाणपत्राचा इशारा ‘ॲडव्हान्स्ड’मधून स्वीकारा. इशारा दिसला तरी इथं घाबरायचं कारण नाही, कारण तो पत्ता तुमच्याच संगणकाचा आहे. ही परवानगी ब्राउझरगणिक वेगळी. क्रोमला दिलेली फायरफॉक्सला चालत नाही, आणि निम्मा गोंधळ तिथंच होतो.

सात-बारा बघणाऱ्यांसाठी आणखी एक. डिजिटल सहीचा उतारा क्रोम किंवा फायरफॉक्सच्या आतल्या पीडीएफ खिडकीत दिसतो, पण सही खरी की खोटी हे त्या तपासत नाहीत. त्यासाठी फाइल उतरवून ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडावी.

सेतू केंद्र, झेरॉक्सचं दुकान, सायबर कॅफे अशा ठिकाणी क्रोम ठेवा आणि गिऱ्हाईकाला गेस्ट विंडोतच बसवा. प्रोफाइलच्या चिन्हावर टिचकी मारली की खाली गेस्ट दिसतं. विंडो बंद केली की इतिहास आणि लॉगिन पुसले जातात. उतरवलेल्या फाइल मात्र जात नाहीत. शंभर जणांची आधार कार्डं डाउनलोड्समध्ये साठून पडलेली असतात. ती रोज रिकामी करायची, आणि त्यानंतर रिसायकल बिनसुद्धा.

विवाल्डी एकाच वेळी वीस-तीस टॅब मांडून बसणाऱ्यांसाठी आहे. त्यांच्या चळती लावता येतात, पडदा वाटून शेजारी शेजारी ठेवता येतात. ऑपेराच्या फुकट व्हीपीएनला (आपला पत्ता लपवणाऱ्या आडवाटेला) लोक भुलतात, पण ते फक्त ब्राउझरपुरतं आहे, बाकी संगणक उघडाच. उलामध्ये काम, घर, मुलं असे वेगळे कप्पे आहेत, कल्पना चांगली. तरी आत धावतोय तो क्रोमियमच.

मोबाइलवर हिशेब उलटतो. अँड्रॉइडवरचा क्रोम एक्स्टेंशन घेत नाही, फायरफॉक्स घेतो आणि यूब्लॉक ओरिजिन तिथंही चालतं. आयफोनवर आपल्याकडे कुठलंही नाव उतरवा, आत ॲपलचं वेबकिटच.

राहिला विंडोज ७ चा संगणक, जो कोपऱ्यात फक्त बिलं छापायला ठेवलाय. त्यावरचा क्रोम १०९ व्या आवृत्तीवर थांबला आणि फायरफॉक्स ११५ ईएसआर या दीर्घकाळ जपल्या जाणाऱ्या आवृत्तीवर. छपाईला तो राहू दे. बँकेचं लॉगिन मात्र त्यावर करू नका.