आठ दिवसांत पाचशे बॅकलिंक

दर्यापूर तालुक्यात माझी जिम आहे. जिम म्हणजे टिनाचं शेड, दोन ट्रेडमिल, डंबेल आणि मागच्या पडीत वावरात चुन्याने आखलेला धावायचा ट्रॅक. निम्मी पोट्टी पोलीस भरतीची: 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक, मिळून 50 गुण. बाकीचे दिवाळीनंतर सोयाबीनचा चुकारा हाती आला की येतात आणि संक्रांतीपर्यंत गळतात. अमरावतीला शिकणाऱ्या भाच्याने वेबसाइट करून दिली होती. पाच महिने झाले तरी गूगलवर ती कुठे दिसेना, आणि नेमका तेव्हाच बॅकलिंक विकणाऱ्या एका पोराचा फोन आला.

पोरगा गोड बोलायचा. "सर, अमरावतीच्या जिमला तीनशे बॅकलिंक आहेत, तुम्हाला दोन." बॅकलिंक म्हणजे दुसऱ्या साइटने आपल्या साइटचा दिलेला दुवा. असा दुवा ही एक प्रकारची शिफारस आहे, हे गूगल सुरुवातीपासून, म्हणजे 1998 पासून मानत आलंय. त्यामुळे तो थापा मारतोय असं वाटलं नाही. पाचशे लिंक, आठ दिवसांत, बारा हजार रुपये. घाई माझीच होती. हंगाम चुकला की वर्ष गेलं, ही आपल्याकडची सवय.

आठव्या दिवशी एक्सेल फाइल आली. प्रत्येक ओळीपुढे हिरव्या रंगात 'डीए 58', 'डीए 64'. मला वाटलं हे गूगलनेच दिलेले गुण. डीए म्हणजे डोमेन ऑथॉरिटी, साइट गूगलवर किती वर दिसेल याचा मॉझ नावाच्या खासगी कंपनीचा अंदाज, आणि गूगल तो वापरत नाही, हे मला कळलं बारा हजार गेल्यावर.

फाइल मोठ्या कौतुकाने बाबांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून वरून खाली पाहिलं.

"हे पाचशे लोकं तुह्या जिमचं नाव घेऊन राह्यले?"

"हो बाबा."

"कोन्या गावचे हायेत? अन् त्यातला एक तरी आला का आपल्या जिमात?"

मी म्हटलं, तुम्हाला इंटरनेटचं नाही समजत. ते काही न बोलता वावरात निघून गेले.

दीड महिना गेला. साइट होती तिथेच. मग त्याच पोराचा फोन, पण आता आवाज घाबरलेला. "सर, लिंक फार वेगात आल्या. नवीन साइटला एवढा वेग गूगल पकडतं. पेंग्विन लागला तर साइट गायबच होईल." सोबत लाल अक्षरांचा एक स्क्रीनशॉट. मी नेटवर शोधलं, तर पेंग्विन खरंच निघाला: 2012 मध्ये गूगलने अशा बनावट दुव्यांविरुद्ध आणलेला बदल. झालं, माझे हातपाय गळाले. ते दुवे काढून टाकायच्या सफाईचे साडेआठ हजार त्याच रात्री फोनपेने पाठवले. म्हणजे वेग त्यानेच विकला आणि वेगाची भीतीही त्यानेच. खरं सांगतो, पहिल्या बारा हजारांपेक्षा हे साडेआठ हजार जास्त सलतात.

दिवाळीला भाचा आला. त्याने सर्च कन्सोल उघडलं. ही गूगलची फुकट सोय आहे, साइट आपली आहे हे एकदा सिद्ध करावं लागतं. त्यात 'मॅन्युअल ॲक्शन्स' नावाचं पान आहे. गूगलच्या माणसाने तपासून साइटवर कारवाई केली असेल तर ती तिथे लिहिलेली असते. आमच्या पानावर हिरवी टिकमार्क, काही अडचण नाही. तो लाल स्क्रीनशॉट कुणाचा होता कोण जाणे! मग 'लिंक्स'चं पान पाहिलं. पाचशेच्या वर दुवे, पण साइट फक्त 23. एक रशियन, दोन जुगाराच्या, बाकी कुणीही फुकट नाव नोंदवावं अशा यादीच्या. सगळीकडे एकच इंग्रजी वाक्य, 'बेस्ट जिम इन अमरावती'. आणि सफाई? एकही दुवा हलला नव्हता.

भाच्याने समजावलं ते असं. दर महिन्याला इतकेच दुवे यावेत असा आकडा गूगलने कुठेही दिलेला नाही. आपलं पोरगं भरतीत पहिलं आलं, चार बातम्यांच्या साइटनी छापलं, तर एका दिवसात दुवे वाढतील आणि त्यात गैर काही नाही. रँक वाढवायला दुवा विकत घेणं हेच नियमाबाहेर आहे, मग तो आठ दिवसांत येवो की आठ महिन्यांत. असले कचरा दुवे गूगल बहुतेक वेळा मोजतच नाही. दुवे नाकारायची, म्हणजे हे मोजू नका असं गूगलला कळवायची सोय 2012 पासून आहे आणि तीही फुकट. पण कारवाई झाली असेल किंवा व्हायची चिन्हं असतील तरच ती वापरा, असं गूगलच सांगतं. भाचा म्हणाला, तुम्ही विकत घेतलेत, म्हणून आपणच यादी देऊन टाकू. अर्धा तास लागला, एक रुपया नाही.

पोराला जाब विचारला तर म्हणतो, "सर, आता ड्रिप फीड करू. रोज दोन-तीनच लिंक, ठिबकसारख्या. गूगलला नैसर्गिक वाटेल." ठिबक! आमच्या खारपाणपट्ट्यात ठिबकने खारं पाणी सोडलं तरी ते खारंच राहतं. मी फोन ठेवला. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण पैसे मीच हाताने पाठवलेले, तेही बऱ्याच दिवसांपूर्वी. आजवर काही परत आलेलं नाही.

आता साइटला खरे दुवे चार आहेत. एक तालुक्यातल्या कॉलेजच्या क्रीडा विभागाच्या पानावरचा, तिथे मी फुकट शिबिर घेतलं होतं. भाच्याने 1600 मीटरच्या सरावाचं आठवड्याचं वेळापत्रक साइटवर टाकलं, ते वाचून अकोटहून दोन पोट्टे आले. गूगल बिझनेस प्रोफाइलवर जिमचे फोटो आणि वेळा टाकल्या, तेही फुकटच.

असे फोन अजून येतात, महिन्यातून एखादा. मी बाबांचाच प्रश्न विचारतो: लिंक कोणत्या साइटवर देणार, आधी पाच नावं पाठवा. अजून एकानेही पाठवली नाहीत.