क्रूझ सहल चोख, बंदरावरील सुरक्षिततेची माहिती अपुरी

ठाण्यातील नौपाड्याच्या एका पर्यटन कार्यालयाने आईबाबांच्या भूमध्य समुद्रातील क्रूझचा व्हिसा, विमा सारे चोख केले. मात्र बंदरावर उतरल्यानंतरच्या सुरक्षिततेबद्दल माहितीपत्रकाच्या शेवटी ‘मौल्यवान वस्तू सांभाळा’ एवढीच ओळ होती, आणि ही उणीव मला गंभीर वाटते. १८ मार्च २०१५ रोजी ट्युनिशियाची राजधानी ट्युनिस येथील बार्डो संग्रहालयावरील दहशतवादी हल्ल्यात क्रूझचे प्रवासी मारले गेले होते, हे अशा कार्यालयांनी विसरू नये. बंदरावर उतरून स्वतंत्रपणे फिरणाऱ्यांना परतायला उशीर झाला तर जहाज सहसा थांबत नाही, त्यावरील घड्याळ स्थानिक वेळेपेक्षा वेगळे असू शकते आणि बंदरातील जहाजाच्या एजंटाचा (स्थानिक प्रतिनिधीचा) दूरध्वनी क्रमांक खिशात असावा, हे ज्येष्ठांना मराठीत, लेखी आणि ठळक अक्षरांत द्यायलाच हवे. बाकी कर्मचारी अतिशय आपुलकीने वागले.