सोलापुरात कायमेरिझम टेस्टचं सॅम्पल: चार स्टार

धाकट्या भावाला माझी बोनमॅरो दिली, ट्रान्सप्लांट पुण्यात झालं. आता अधूनमधून कायमेरिझम टेस्ट असते: त्याच्या रक्तात माझ्या पेशी किती, त्याच्या जुन्या किती. त्यासाठी दरवेळी हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुणं गाठायचं म्हणजे त्याचे हाल. जुळे सोलापुरातलं हे सेंटर सॅम्पल घेऊन तिकडे पाठवतं.

रक्त काढणाऱ्या पोराचा हात हलका. केमोनं भावाच्या शिरा पार आत गेल्यात, तरी एका टोचणीत काम झालं. जांभळ्या टोपणाची ट्यूब हळूच उलटीपालटी केली, लेबल आमच्यासमोर लावलं. ब्लड ग्रुप विचारला तर भाऊ म्हणाला, "आधी बी होता, आता ताईचा ओ." पोरगा हसला नाही, दोन्ही लिहून घेतले. तिथंच मी निम्मी खूश.

काउंटरवर मात्र आनंद आहे. ही टेस्ट एसटीआर पद्धतीची. डीएनएतले पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे माणसागणिक कमीजास्त लांबीचे असतात. ट्रान्सप्लांटआधीचे दोघांचे नमुने हाताशी असतील तरच कुठला कुणाचा ते कळतं. ते नमुने कुठल्या लॅबकडे आहेत, हे कुणी विचारलंच नाही. मीच सांगितलं. ट्रान्सप्लांटनंतर भावाचा जुना नमुना म्हणून गालातून स्वॅब घ्यावा म्हटलं तर त्यातही दात्याच्या पेशी उतरतात.

दुसरी तक्रार शनिवारची. डॉक्टरांनी टी-पेशींचा (प्रतिकारशक्तीतल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आकडा वेगळा मागितला होता, त्याला ताजं रक्त लागतं. रविवारी लॅब बंद, तरी सॅम्पल घेतलं आणि सोमवारी फोन, "मॅडम, परत यावं लागेल." फुकट टोचलं ना भावाला!

रिपोर्ट चांगला येतो. टी-पेशी वेगळ्या दाखवतात, आणि अगदी थोड्या उरलेल्या जुन्या पेशी या पद्धतीला दिसत नाहीत, हेही खाली छापतात. माझ्या नेमक्या किती मूळ पेशी (ज्यांच्यापासून रक्त बनतं त्या) तिथं नांदतायत, ते यात कळत नाही. २०२४ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात दाता-रुग्ण भावंडांच्या १० जोड्यांचा अभ्यास आला, ट्रान्सप्लांटला ९ ते ३१ वर्षं झालेल्या. पेशींत वयाबरोबर साठणारे डीएनएतले बदल वाचून त्यांनी एकेका मूळ पेशीचा वंश लावला. तरुण दात्याच्या हजारो रुजतात, वयस्कर दात्याच्या बऱ्याच कमी. मी दिली तेव्हा तिशीच्या आत होते, तेवढंच बरं वाटलं.

जाणार असाल तर सोमवार ते बुधवार सकाळी जा, आणि ट्रान्सप्लांटआधीच्या नमुन्याचा लॅब नंबर सोबत ठेवा.